आतल्या मशीनमधला हिंमतराव

बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास मी ती टूल्स आपणच टाकायला बसलो. एवढंच केलं. त्यातून येत्या रविवारी भैरवनाथाच्या सभामंडपात, दीडशे माणसांसमोर, नातवंडं असलेला मी लग्नाचा उमेदवार म्हणून उभा राहीन, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग हाताला धरून घरी पोचवून आलो असतो.

टूल्स म्हणजे काय ते सांगतो. सावकाश सांगतो, कारण मला स्वतःला ते सावकाशच कळलं. शाळेत मी एकदाच गेलो, तो सारवायला. अक्षरं शिकलो ती पन्नाशीत, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात. मराठी वाचतो, बोट ठेवून. इंग्रजी वाचत नाही, पण ओळखतो. गावात नाव माहीत नसलेला माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसं.

गाव म्हणजे धायरी. आधी गाव होतं, आता पुणं आहे. जिथं आमची ज्वारी होती तिथं सी विंग आहे. (माझ्या घड्याळाचं काम ही सी विंगच करते. तिची सावली आमच्या ओट्याच्या पहिल्या पायरीला लागली की तीन वाजले, म्हणजे चहा. चव्वेचाळीस वर्षांत हा चहा चुकला नव्हता. पूर्वी सावली चिंचेची होती, एवढाच फरक.)

आमच्या घराच्या वरच्या खोलीत दीपमाला नावाची मुलगी भाड्यानं राहते. अमरावतीकडची आहे आणि हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. तिकडच्या मुली "मी येतो काका, मी जातो काका" असं बोलतात. पहिल्या दिवशी तिनं "मी येतो" म्हटलं तेव्हा तिच्या मागून कोण मुलगा येतोय ते मी वाकून पाहिलं होतं.

आणि घरात आमची सरुबाई. बाई गावातलं वधूवर सूचक मंडळ चालवते. जमीन गेली, पैसा आला, पण शेतकऱ्याच्या पोरांना मुली मिळेनात, तेव्हा दहा वर्षांपूर्वी तिनं हे सुरू केलं. दर दोन महिन्यांनी मेळावा असतो. त्यात स्थळांची छापील यादी वाटायची, माईकवरून एकेकाचं नाव पुकारायचं आणि पुकारलेल्यानं उभं राहायचं. मग घरोघरचे फोन. मुलीकडचे "बघायला या" म्हणाले तर ठीक. "कळवतो" म्हणाले की समजायचं, स्थळ गेलं. "कळवतो" म्हणून पुढं कुणी कळवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

या मंडळाची सगळी स्थळं एका जुन्या प्रोग्रामात होती. तो कुणा क्लासवाल्यानं जुन्या मशीनवर बनवून दिला होता. ते मशीन मेलं. आमच्या मुलानं नवं आणून दिलं, तर त्यावर तो प्रोग्राम चालेना. तेव्हा दीपमालानं एका रविवारी खपून नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन बसवलं.

"पोटात म्हणजे? उघडलंस कधी?" मी विचारलं.

"खरंखुरं नाही न काका. पडद्यावर एक खिडकी दिसते न, तिच्या आत जुनं मशीन आहे असं समजायचं. त्याला वाटते आपण खरेच आहो म्हणून."

मी थोडा वेळ विचार केला. "म्हणजे दुसऱ्याचा बैल आणून आपल्या गोठ्यात बांधल्यासारखं. वैरण आपली खातो, पण हाक ओळखत नाही."

"बरोब्बर काका! तिकडं टूल्स टाकले का ओळखते. मग माउस आतबाहेर मोकळा फिरते, खिडकी मोठी होते, घड्याळ जुळते, आतला कागद बाहेर ओढता येते. पण आता मी आठ दिवस बंगलोरला चाललो. तेवढं राहिलं."

तेवढं राहिलं, आणि तिथंच सगळं अडलं.

कारण मंडळाचं लिहिण्यावाचण्याचं काम करतो हिंमतराव. त्याच्याबद्दल मला काही वाईट सांगायचं नाही. (आता सांगतोच.) हा ग्रामपंचायतीचा जुना कारकून, माझा लंगोटीयार. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तरी कपडे इस्त्रीचे आणि खिशाला पेन. ह्या पेनानं माझं आधीही नुकसान केलेलं आहे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी सरुबाईला बघायला गेलो, तेव्हा लिहितावाचता माणूस बरोबर असावा म्हणून ह्याला नेलं. पोह्याच्या बशा आल्या. सासूबाईंनी दोघांकडं पाहिलं, खिशातल्या पेनाकडं पाहिलं, आणि पहिली बशी दिली हिंमतरावाला.

ती बशी मी विसरलेलो नाही. लग्न माझ्याशी झालं हे मान्य. पण पहिली बशी त्याला गेली.

तर टूल्स नव्हती तोवर काय होतं? एक, माउसचा बाण त्या खिडकीत गेला की आतच अडकायचा. बाहेर काढायला कीबोर्डावरची दोन बटणं एकदम दाबावी लागत. हिंमतराव माउस धरायचा आणि म्हणायचा, "हं, वहिनी, दाबा." वहिनी दाबायच्या. एकाच कीबोर्डावर दोघांची बोटं. मी ओट्यावरून खिडकीतून मोजायचो, दुपारभरात किती वेळा "दाबा" होतंय.

दोन, आतला कागद बाहेर येत नव्हता आणि छापायला तर तो बाहेर हवा. म्हणून हिंमतराव आत बघून एकेक स्थळ मोठ्यानं वाचायचा, मग बाण बाहेर काढायचा आणि सरुबाई ते सगळं बाहेर टाईप करायची. म्हणजे मी ओट्यावर आणि आतून त्या माणसाचा तुपातला आवाज: "गोरी... नाकीडोळी नीटस... गृहकृत्यदक्ष..." आणि आमच्या बाईचं, "हं, फुडं?"

एकदा न राहवून मी आत गेलो. "कुणाचं वर्णन चाललंय?"

"छत्तीस नंबरचं," हिंमतराव म्हणाला.

"मग नंबर आधी सांगत जा. शेजारीपाजारी ऐकतात."

"शेजारी सी विंग आहे, हिंदुराव. त्यांच्या खिडक्या बंद असतात. एसी आहेत."

आणि तीन, चहा. हे दोघं आत बसायला लागल्यापासून चहा मागं मागं सरकू लागला. आधी दहा मिनिटं. मग सावली दुसऱ्या पायरीवर. परवा तर सावली उंबऱ्यावर आली, सव्वाचार झाले, तरी चहाचा पत्ता नाही. मी हाक मारली.

"आवं, अजून तीन कुठं वाजल्यात?" आतून आवाज.

चव्वेचाळीस वर्षं जिला तीन कळत होते, तिला ह्याच्या शेजारी बसून तीन कळेनात. मी काय समजायचं ते समजलो.

मंगळवारी सरुबाई म्हणाली, "त्या टूल्स हिंमतराव शुक्रवारी टाकनार हायेत. गुरुवारी लाईट नस्ती."

"मी टाकतो की."

तिनं पोळी लाटणं थांबवलं. "तुमी?"

"विहिरीवर मोटर कुणी बसवली? कडबाकुट्टी कुणी बसवली?"

"मोटर उलटी फिरत हुती सा महिनं."

"पण फिरत होती ना?"

पोळी माझ्या ताटात जरा जोरात आली.

म्हणून बुधवार. सरुबाई मंडईत गेली होती. मी हातपाय धुतले, मशीनला नमस्कार केला आणि दीपमालाला फोन लावला.

"हॅलो, काका बोलतोय. टूल्स टाकायला बसलोय. कुठं दाबू?"

पलीकडं कुजबुज. "काका, मी मीटिंगमध्ये आहो... तुम्ही काहून करून राहिले जी? हिंमतकाका करणार होते न?"

"तो नाही करणार. आता नाही नि शुक्रवारी पण नाही."

पोरगी हुशार आहे. "बरं. वरच्या पट्टीवर डावीकडून तिसरं दाबा. यादी आली? त्यात एका ओळीत पहिल्या शब्दाच्या शेवटी दोन दांड्या, म्हणजे इंग्रजी एल, उभ्या असन. ते दाबा. एकच दांडी असलेलं कुठं दिसलं तर हात नका लावू, ते रद्द करायचं असते."

दोन दांड्या सापडल्या. दाबल्या.

"आता त्यानं आत सीडी घातली."

"कुठली सीडी?"

"नसलेली सीडी हाय न काका ती. आपोआप जाते."

तरी मी खालचा ड्रॉवर उघडून बघितला. सीडीच्या जागी कागदाच्या पुडीत भैरवनाथाचा अंगारा होता. (सरुबाईची व्यवस्था. तिच्या मते मशीन त्यावरच चालतं.) मी थोडा कपाळाला लावला, थोडा मशीनला आणि ड्रॉवर बंद केला.

"आता ज्या बटणात तिसऱ्या जागी फुली आहे ते दाबत जा. चार वेळा येईन. मी जातो, साहेब बघून राहिले."

फुलीचं बटण मी चार वेळा दाबलं. मग एक रिकामी पट्टी आली आणि तीत निळं भरू लागलं. हे काम माझं होतं. पाटाचं पाणी साऱ्यात शिरताना बघत बसायची मला सवय आहे. घाई केली की बांध फुटतो. मी मांडी घालून बसलो. निळं निम्म्यावर येऊन थांबलं. मीही थांबलो. दहा मिनिटं आम्ही दोघं थांबलो. हिंमतराव असता तर चार ठिकाणी दाबून मोकळा झाला असता. मग निळं पुढं सरकलं आणि भरलं. खिडकी काळी झाली. तरी मी हात मांडीवरून उचलला नाही. काळं गेलं आणि आतलं मशीन एकदम सगळ्या पडद्यावर पसरलं, पोळ्याच्या बैलासारखं.

पहिल्यांदा माझी नजर गेली घड्याळावर. त्या प्रोग्रामात वर मोठं घड्याळ आहे. मघाशी त्यात पाऊण वाजला होता, मी तो बिघाडच समजलो होतो. आता त्यात दोन चाळीस झाले होते आणि माझ्या मोबाईलवरही दोन चाळीस. मग डोक्यात प्रकाश पडला. टूल्स नव्हती तोवर आतलं मशीन हळू चालायचं. त्याचं घड्याळही रोज थोडं थोडं मागं पडायचं, आणि ते जुळवायला कुणी नव्हतं. सरुबाई त्यातच वेळ बघत होती. (भिंतीवरच्या घड्याळात का नाही बघत? ते बंद आहे. का बंद आहे? सेल आणायचे आहेत. कुणी आणायचे आहेत? जाऊ द्या.)

म्हणजे चहाचा गुन्हा माफ झाला. मन जरा हलकं झालं. तेवढ्यात दुसरी गोष्ट दिसली. बाण बाहेर काढायची ती दोन बटणं, दीपमालानं टिकल्या चिकटवलेली. ती शेजारीशेजारी होती! अगदी चिकटून. एका हाताच्या दोन बोटांनी सहज दाबली जातील अशी. मग "दाबा वहिनी, दाबा वहिनी" कशासाठी चाललं होतं?

हलकं झालेलं मन पुन्हा जड झालं. मी प्रोग्रामातले कागद चाळू लागलो. काय शोधत होतो मला माहीत नाही. पण संशयी माणसाला शोधायला काही लागत नाही, ते आपोआप सापडतं. एका बाजूला ठेवलेल्या दोन कागदांतला पहिला उघडला. बोट ठेवून वाचला.

"वराचे नाव: हिंमतराव. वय: ६६. शिक्षण: मॅट्रिक. व्यवसाय: निवृत्त. अपेक्षा: धायरीतलीच हवी. सुगरण. बोलण्यात ठसका. संसाराचा अनुभव असलेली."

मी बोट परत पहिल्या ओळीवर नेलं आणि पुन्हा वाचलं. धायरीतली. सुगरण. बोलण्यात ठसका. संसाराचा अनुभव, तोही चव्वेचाळीस वर्षांचा आणि माझ्याकडचा!

दुसरा कागद उघडला. "वराचे नाव: हिंदुराव. शिक्षण: नाही. व्यवसाय: ओट्यावर बसणे. व्यसन: नाही. अपेक्षा: तीनला चहा." खाली आमच्याच घरचा फोन नंबर. हा तिनं शिकताना सरावासाठी भरलेला दिसत होता. पण तो ठेवला होता कुठं, तर त्याच्याखाली!

माणूस शांत असला तरी त्याला रक्त असतं. मी बाण हिंमतरावाच्या कागदावर ठेवला, दाबून धरला आणि ओढत ओढत खिडकीच्या बाहेर आणला. आता टूल्स होती, बाण मोकळा होता. बाहेर कोपऱ्यात एक पिवळी पिशवी दिसली. सरुबाई कोपऱ्यात काहीतरी टाकते हे मी पाहिलं होतं, तेव्हा ही कचऱ्याचीच असणार. हिंमतरावाला मी त्या पिशवीत सोडला. चल, नीघ.

आत बघतो, तर हिंमतराव आतच.

पुन्हा ओढला. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी दोन दांड्या बघितल्या, नव्हत्या. एक दांडी बघितली, तीही होती, पण तिला हात लावायचा नव्हता. म्हणून दुसरं दाबलं. पिशवीत दोन हिंमतराव, आणि एक आत. पुन्हा ओढला. तीन आणि एक. असा नऊ वेळा मी त्याला घराबाहेर काढला आणि नऊही वेळा तो आत होता. तणाचं असं होतं, मुळासकट उपटलं नाही तर. शेवटी दमलो. मग म्हटलं, हा ज्या मशीनमध्ये राहणार त्यात मला राहायचंच नाही. माझाही कागद ओढला आणि टाकला पिशवीत.

तीन वाजता सरुबाई आली आणि मुकाट ओट्यावर जाऊन बसलेल्या माझ्याकडं बघत म्हणाली, "काय वो, ताप हाय का?"

शुक्रवारी हिंमतराव चष्मा पुसत आला. सरुबाईनं मशीन लावलं आणि ओरडली, "आवं, हे कुनी केलं?"

"मोटर बसवणाऱ्यानं," मी बाहेरून म्हटलं.

हिंमतरावानं बाण आत नेला, बाहेर नेला. "छान. अगदी छान. मला दोन तास लागले असते." कौतुक करताना सुद्धा माणसानं दोन तासांचा हिशेब सांगावा! ह्यावर कळस म्हणजे, आता मोठ्यानं वाचून टाईप करायचं कामच उरलं नाही. सरुबाईनं एक्कावन्न स्थळं एकदम धरली आणि ओढून पिवळ्या पिशवीत टाकली. पाच मिनिटांत काम खलास. (ती पिशवी कचऱ्याची नसून छपाईला जायच्या कागदांची होती, हे मला तेव्हा कळलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.) पूर्वी एकेक स्थळ वाचून व्हायचं, त्यात चूक आपोआप सापडायची. आता कुणी काही वाचलंच नाही.

आणि पाच मिनिटांत मोकळा झालेला हिंमतराव कुठं गेला? ओट्यावर येऊन माझ्या शेजारी बसला. बरोबर तीनला चहा आला. तीन कप. मी केलेल्या मेहनतीचं फळ हे, की पूर्वी तो आत असायचा, आता माझ्या जागेवर होता.

छपाईसाठी पेन ड्राइव्ह घेऊन कसबा पेठेत मीच गेलो, बंडीच्या आतल्या खिशात ठेवून. दुकानदाराला म्हटलं, "एकदा वाचून बघा हो, काही राहिलं असेल तर."

"छपाईचे पैसे घेतो," तो मान वर न करता म्हणाला. "वाचनाचे नाही. उद्या साडेअकराला या. साडेअकरा म्हणजे साडेअकरा."

रविवारी सभामंडप भरला. मी दारात याद्या वाटत होतो. माईकवर अर्थात हिंमतराव, इस्त्रीचा झब्बा आणि पेन. तो एका खुर्चीवर आणि शेजारच्या खुर्चीवर सरुबाई. पन्नासपर्यंत सगळं सुरळीत झालं. पोरं उठली, लाजली, बसली.

"क्रमांक एक्कावन्न... बसा. क्रमांक बावन्न. वराचे नाव," हिंमतराव तुपातल्या आवाजात म्हणाला, "हिंमतराव. वय सहासष्ट. शिक्षण..." आणि थांबला.

त्याला वाटलं असावं, पुढचा नंबर घ्यावा म्हणजे प्रकरण झाकेल.

"क्रमांक त्रेपन्न. वराचे नाव, हिंम..."

"चोपन्न वाचा!" मागून कुणीतरी ओरडलं. "पंचावन्नपण तेच हाय!" लोक यादी उलटीपालटी करायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "नऊ येळा छापलाय गं बाई. लैच निकड दिसतीया."

मला आधी काय आनंद झाला म्हणून सांगू! हिंमतरावाचं तोंड टोमॅटोसारखं झालं होतं आणि पेन उगाच हातात घेऊन तो त्याचं टोपण दातानं काढत-घालत होता. मग त्यानं शेवटची ओळ पाहिली. माईक सरुबाईपुढं सरकवला आणि ओळीवर बोट ठेवलं. सरुबाईनं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग तिनं दाराकडं पाहिलं.

"एकसष्ट नंबर," ती माईकवर म्हणाली. "उबं ऱ्हावा."

"मी उभाच आहे," मी म्हटलं. दारात याद्या वाटत होतो ना.

"म्होरं या."

दीडशे माणसांतून मी पुढं गेलो. तिनं माझा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. शिक्षण नाही. व्यवसाय ओट्यावर बसणे. "तीनला चहा" वर टाळ्या पडल्या. मग तिनं विचारलं, माईक न झाकता, "काय वो, एक बायको असताना दुसरी करायचीय?"

"मला नाही," मी म्हटलं. आता लपवून काय करायचं होतं? "ह्याला करायची आहे. आणि कोण ते मला माहीत आहे. धायरीतली, सुगरण, ठसक्याची, संसाराचा अनुभव असलेली!"

हिंमतराव खाली बघू लागला. त्याचं हे खाली बघणं माझ्या काळजात गेलं. मला वाटलं, बरोबर ओळखलं आपण. देवाशप्पथ सांगतो, त्या वेळी मला बरोबर असायचं नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या तिसऱ्या रांगेतून आवाज आला. प्रेमला होती, आमच्या धायरीतल्याच गणपती चौकात ब्लाउज शिवते ती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी सासरी.

"सरुताई, बावन्न नंबरला जरा उभं राहायला सांगता का? बसल्यावर उंची कळत नाही."

एक क्षण कुणाला काही समजलं नाही. मग मंडप असा हसला, की देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. हिंमतराव उभा राहिला. पेन खाली पडलं, ते त्यानं उचललं सुद्धा नाही.

घरी आलो. ओट्यावर बसल्यावर सरुबाई म्हणाली, "प्रेमलासाठी हुता त्यो कागद. बिचारा वर्सभर म्हनत हुता, वहिनी, तुमी हळूच इचारा. म्हून बाजूला ठिवला हुता. छापायचा नव्हता."

"मग ती दोन बटणं? ती शेजारीशेजारी आहेत."

"कुटली बटनं?"

"‘दाबा वहिनी’ ची."

"त्यांचा अंगठा आखडलाय. पंचायतीत शिक्कं मारून मारून. पेनाचं टोपनसुदिक दातानं काडत्यात. तुमी त्यांच्या शेजारी जन्म काडला, तुमाला ठाव न्हाय?"

मला ठाव नव्हतं. मी त्याचं पेन पाहिलं होतं, अंगठा नाही.

सी विंगची सावली आमच्या पायांवरून पुढं गेली.

"आणि पोह्याची पहिली बशी?" मी हळूच विचारलं.

"आता ह्ये काय काडलं?"

"तुझ्या आईनं आधी त्याला दिली."

सरुबाई हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. "आवं, पयल्या बशीत मीठ दोनदा पडलं हुतं. आई म्हनली, ही त्या दुसऱ्याला दिऊ. चांगली बशी मी तुमच्यासाटी मागं ठिवली हुती."

चव्वेचाळीस वर्षं मी खारट पोह्यांवर जळलो. आणि तो माणूस ते सगळे पोहे संपवून वर "छान झालेत" म्हणाला होता. (ह्यासाठी सुद्धा मी त्याच्यावर जळलो होतो.)

हिंमतराव आणि प्रेमला यांचं लग्न पुढच्या महिन्यात आळंदीला झालं. त्याआधी त्याच्यासाठी आणखी चौदा फोन आले. नऊ वेळा छापलेलं स्थळ म्हणजे खासच असणार, असं लोकांना वाटलं. बंगलोरहून आलेली दीपमाला म्हणाली, "काका, इतकी जाहिरात तर आमच्या कंपनीची पण नाही."

माझ्यासाठी फोन येणार नाही हे मला माहीत होतं. यायला नको होता, हेही तितकंच खरं. पण चौदा म्हणजे चौदा. फोन वाजला की मी कान द्यायचो, नुसता कान. आणि एका सोमवारी दुपारी खरोखरच फोन आला. सरुबाईनं घेतला.

"एकसष्ट नंबर? हो, हो, हितंच असत्यात," ती म्हणाली. माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. मी बंडीची बटणं लावली.

"व्यसन? न्हाय, कसलंच न्हाय... बसायचं? दिवसभर बसत्यात, उठा म्हनलं तरी उठत न्हाईत... येनारंजानारं सगळं ध्यानात ठिवत्यात, त्ये तर इचारूच नगा." मग तिनं फोनवर हात ठेवला. "सी विंगच्या सोसायटीचे सेक्रेटरी हायेत. वाचमन पायजे म्हनत्यात."

मी बटणं पुन्हा सोडली.

"पन एक हाय," सरुबाई फोनमध्ये म्हणाली, "त्यांना तीनला चा द्यावा लागंल."

तिनं पलीकडचं ऐकून घेतलं. मग तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"कळवतो म्हनले."